कमानीचा मधला दगड

पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या व्यक्तीने टपाल कचेरीत रजिस्ट्रीच्या खिडकीवर बसणे हा पदार्थविज्ञानाचा अपमान आहे, असे माझे त्या काळी स्पष्ट मत होते. परंतु एम.एस्सी.च्या प्रवेशाला वर्षभराचा अवकाश होता, घरी बसले असते तर स्थळे येऊ लागली असती, आणि नगरमधल्या एका कचेरीत हंगामी कारकुनाची जागा रिकामी होती. दोन अनिष्टांतले सौम्य अनिष्ट मी निवडले. सत्तर साल उलटून गेल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे होती ती. कचेरी कोणती, हे सांगत नाही. जुन्या नगरकरांना ती कमानीवरून ओळखू येईल, आणि ज्यांना ओळखू येईल त्यांतले निम्मे लोक ती कमान आपल्या पूर्वजांनी उभारली असे शपथेवर सांगतील. ते असे का सांगतील, हे मला ठाऊक आहे; कारण त्याला जबाबदार असलेल्या माणसाच्या हाताखाली मी एक वर्ष काम केले.

रुजू व्हायला गेले तेव्हा पोस्टमास्तर पुढच्या मधल्या कमानीखाली उभे होते. बंद गळ्याचा कोट, पायात चपला, मान मागे कललेली. मी नेमणुकीचा कागद पुढे केला.

"कागद नंतर," ते म्हणाले. "आधी वर बघा."

मी वर पाहिले. काळ्या घडीव दगडांची कमान होती आणि तिच्या माथ्यावर पाचरीच्या आकाराचा एक मधला दगड होता.

"काय दिसतं?"

"कमान."

"ती सगळ्यांनाच दिसते. करतेय काय ती?"

"वरचं वजन दोन्ही खांबांकडे वाटून देते आहे. मधला दगड दोन्ही बाजूंना रेटा देतो, म्हणून बाकीचे खाली येत नाहीत."

त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "सायन्सच्या दिसता. मी वरिष्ठांना कधीचा सांगत होतो, एक तरी माणूस जाणता द्या. बसा रजिस्ट्रीला."

टपालाविषयी त्यांनी मला त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. नंतरही क्वचितच विचारला.

कचेरीला ते कचेरी म्हणत नसत. ते 'वास्तू' म्हणत. "वास्तूत चहा सांडू नका." "उद्या वास्तूला सुट्टी आहे, माणसांनी हिशेब पुरे करायला यायचंय." सकाळी टपालाच्या थैल्या उघडण्यापूर्वी ते ओसरीतल्या प्रत्येक खांबावर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत, आणि मग त्या दिवसाचा निष्कर्ष जाहीर करत. "दुसरा आज गप्प आहे. त्याला पार्सलं टेकवू नका." मी एकदा मुद्दाम टेकवली. त्यांनी ती उचलून तिसऱ्या खांबाकडे नेली आणि परत येऊन दुसऱ्याच्या दगडावरून हात फिरवला, एखाद्या पोराला शाळेत उगीच मार बसल्यावर फिरवावा तसा.

छताखालच्या कबुतरांना ते अहोजाहो करत. शिपायांना मात्र अरेतुरे. या विसंगतीकडे मी लक्ष वेधले तेव्हा ते म्हणाले, "कबुतरं इथं आपल्या आधीपासून आहेत. ज्येष्ठता पाळावी लागते. आणि टपालाचं मूळ खातंही त्यांचंच."

त्यांनी दोनदा बढती नाकारली होती, हे मला रामभाऊ पोस्टमनने सांगितले. पहिल्या वेळी मिळालेल्या कचेरीचे छप्पर सपाट सिमेंटचे होते. दुसऱ्या वेळच्या कचेरीला खांबच नव्हते.

"मग मास्तर म्हनले, सकाळी जाऊन मी तिथं करू काय?" रामभाऊ म्हणाला. "सायबाला वाटलं, घरची अडचन हाय. आता घरी कोन हाय त्यांच्या? वैनी जाऊन लई वर्सं झाली. ही दगडंच हायेत."

इमारत खरोखर चांगली होती, हे मला मान्य करावे लागेल. पुढे तीन कमानींची ओसरी, मागे उंच दालन, हातभर जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले. दालनाच्या एका टोकाला, तारा पाठवायच्या खिडकीसमोर, विटांचे छोटे अर्धगोल छत होते. त्याखालची जागा मास्तरांनी तक्रारदारांसाठी राखून ठेवली होती. कोणी तणतणत आले की ते अत्यंत आदराने म्हणत, "इकडे या. इथं उभे राहून सांगा." माणूस तिथे उभा राहून ओरडू लागे, आणि चार वाक्यांत त्याचा आवाज खाली येई. सहाव्या वाक्याला तो जवळजवळ माफी मागत असे. मास्तरांच्या मते हा वास्तूचा संस्कार होता. मी त्यांना समजावून सांगितले की अंतर्वक्र पृष्ठभागावरून परतलेला ध्वनी नेमका त्या बिंदूवर एकवटतो. त्यामुळे माणसाला आपलाच आरडाओरडा दुप्पट ऐकू येतो आणि तो बिचकतो.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "आपण कसे बोलतो ते ऐकवणं, याला दुसरं काय म्हणतात?"

मी वाद सोडून दिला. त्यांच्याशी वाद घालताना असे वारंवार होई: माझे स्पष्टीकरण संपूर्ण स्वीकारून ते आपल्या निष्कर्षाला पुरावा म्हणून जोडत.

आता त्यांच्या इतिहासाकडे वळते, कारण पुढचे सगळे त्यातून घडले.

मी रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सोनईचे एक बागायतदार रजिस्ट्री करायला आले. कोर्टातले कागद होते आणि स्वारी आधीच तापलेली होती. मास्तर आपल्या टेबलावरून उठून आले.

"गाव कोणतं आपलं?"

"सोनई. का?"

"असं कसं विचारता, 'का'? पाकीट बाईंकडे द्या. तुम्ही वर बघा."

मास्तरांनी त्यांना ओसरीत कमानीखाली नेले. बागायतदारांनी वर पाहिले.

"ही कमान उभी राहत होती, तेव्हा चुना धरेना. गोऱ्या इंजिनिअरने हात टेकले. मग तुमच्या सोनईहून गुळाच्या गाड्या आल्या. चुन्यात गूळ घातला, बैलांच्या घाणीवर मळला, आणि मधला दगड बसवायला गूळवाल्यांचाच मुकादम चढला. तुमच्याकडे कोणी जुनं माणूस होतं का, गाड्या हाकणारं?"

"आमचे पणजोबा हुते," बागायतदार विचार करत म्हणाले. "चार बैलगाड्या हुत्या त्यांच्या."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले.

बागायतदार खिडकीशी परतले तेव्हा शांत होते. तोंडातला तंबाखूचा तोबरा टाकायला ते रस्त्यापलीकडे गेले आणि परत येऊन पावती घेतली.

पुढच्याच पंधरवड्यात श्रीरामपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रूस, हातात छत्री, आणि एक हरवलेले पार्सल. मास्तरांनी त्यांनाही वर बघायला लावले. कमान उभी राहत होती, तेव्हा खालचा लाकडी सांगाडा खचू लागला. मग तिकडच्या स्टेशनावर उतरवलेले सागवान मिशनच्या सुतारांनी इथे आणले, नवा सांगाडा बांधला, आणि त्यांच्यातल्याच एकाने मधला दगड स्वतः बसवला.

"आमचे आजोबा सुतार होते," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. "मिशनमध्येच."

"मग झालं तर."

त्या गेल्यावर मी विचारले, "साहेब, मधला दगड एकच आहे ना?"

"एकच असतो."

"तो गेल्या पंधरवड्यात सोनईच्या मुकादमाने बसवला होता."

"हो."

"आणि श्रीरामपूर त्या काळी या नावाने होतं तरी का?"

"स्टेशन होतं. नाव काय, मागाहून देतात."

मी ऐकत गेले. नागापूरला नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांतला एक फोरमन आला, तेव्हा तो दगड लोहारांनी लोखंडी कांबीने कोंडून बसवला होता. पाथर्डीकडची माणसे ऊसतोडीला जाताना मनिऑर्डरची चौकशी करायला आली, तेव्हा तो डोंगरातून त्यांच्याच पूर्वजांनी खांद्यावर आणला होता. माझ्या मोजणीप्रमाणे त्या दगडाला खाली उतरायला उसंतच नव्हती. प्रत्येक कथा स्वतंत्रपणे शक्य होती. सगळ्या मिळून अशक्य होत्या. शेवटी मी त्यांना सरळ विचारले, "साहेब, तुम्ही लोकांना वाटेल ते का सांगता?"

त्यांना राग आला नाही. ते मला दालनाच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"हा कोपरा बघा. काय दिसतं?"

"काही नाही."

"दुसऱ्या कोणत्याही सरकारी कचेरीचा कोपरा आठवा. काय दिसतं?"

मला आठवले. तहसील कचेरीचा जिना मी नाक दाबून चढले होते. तिथल्या भिंती कमरेपर्यंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या होत्या.

"पाटी लावून पाहिली," मास्तर म्हणाले. "पाटीवरच थुंकले. मग माझ्या लक्षात आलं, सरकारच्या भिंतीवर माणूस थुंकतो. आजोबांच्या भिंतीवर नाही थुंकत."

मी पुढे महिनाभर निरीक्षण केले. ज्यांना इतिहास सांगितला गेला होता, त्यांतला एकही माणूस आवारात थुंकला नाही. ज्यांना सांगायचा राहिला होता, त्यांतले दोघे थुंकले. विज्ञानाच्या दृष्टीने हा नमुना लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. 

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टपाल खात्याच्या बांधकाम विभागाचे एक तरुण इंजिनिअर पुण्याहून पाहणीला आले. सभ्य गृहस्थ होते. हातात छोटा हातोडा आणि ओळंबा. जुनी टपाल इमारत धोक्याची असल्यास ती पाडून तिथे सिमेंटची तीन मजली बांधायची, असा प्रस्ताव होता, आणि तो त्यांच्याच टेबलावरून निघालेला होता. मास्तरांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली.

"गाव कोणतं आपलं? जरा वर बघा."

"वरच बघतोय," इंजिनिअर म्हणाले. "तिथंच तर चीर आहे."

मधल्या दगडाच्या डाव्या अंगाने निघून छपराकडे जाणारी एक बारीक चीर होती, हे खरे.

"ती चीर नाही," मास्तर म्हणाले. "सुरकुती आहे. या वयाला शोभते."

इंजिनिअरनी हातोडीने खांबावर ठोकले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "अहो, हलक्या हातानं. दोन नंबर आहे तो."

या वेळी मी मध्ये पडले, आणि ते भावनेच्या आहारी जाऊन नव्हे. मी जुलैपासून ती चीर पाहत होते. पावसाळ्यात तिच्यात पोस्टकार्डाची कडही शिरत नसे. उन्हाळा सुरू झाल्यापासून कार्ड बोटभर आत जात होते. इमारतीखाली काळी माती होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चीर तिच्याबरोबर मिटते आणि उघडते. हा धोका नव्हता, हा ऋतू होता. मी हे सगळे क्रमवार मांडले आणि पोस्टकार्ड दाखवले.

इंजिनिअरनी शांतपणे ऐकून घेतले. "बरोबर असेल तुमचं. पण हे कार्ड फाइलला लावता येत नाही. फाइलला फक्त चीर लावता येते."

ते गेल्यावर मास्तर बराच वेळ ओसरीच्या पायरीवर बसून होते. मी पाणी नेऊन दिले.

"बाई, मला दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय," ते म्हणाले. "त्यानंतर पाडली तर मला कळणार नाही, असा लांब गावी जाऊन राहीन. पण माझ्या डोळ्यांसमोर पडायला नको. खांब ओळखीचे आहेत हो."

त्यांच्या बोलण्यात विनोद शोधण्याची मला सवय झाली होती. त्या दिवशी सापडला नाही.

काही दिवसांनी फलकावर सूचना लागली: इमारत पाडण्यास कोणाची हरकत असल्यास अमुक दिवशी कचेरीतच तोंडी मांडावी. सरकारी सूचना कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव होता. पण एक घटक मी विचारात घेतला नव्हता. टपालाच्या थैल्या एसटीने तालुक्यांना जात, आणि थैली चढवताना रामभाऊ ड्रायव्हरशी बोलत असे.

हरकतींच्या दिवशी सकाळी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोनईचे बागायतदार जीप भरून भाऊबंद घेऊन आले होते. मुख्याध्यापिका पहिल्या गाडीने छत्रीसह हजर होत्या. बरोबर चर्चच्या मंडळीतल्या चार बाया. नागापूरचा फोरमन पाळी बदलून, तेलकट कपड्यांतच आला होता. पाथर्डीकडची माणसे भिंतीला टेकून उभी होती, आणि कोणाचीही पाठ पूर्णपणे टेकलेली नव्हती.

इंजिनिअरनी टेबल मांडले. "हरकत काय आहे?"

"हरकत म्हंजे?" बागायतदार म्हणाले. "आमच्या पणज्यानं मधला दगड बशिवलाय. तुमी तो काढनार कसा?"

"माफ करा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मधला दगड आमच्या आजोबांनी बसवला."

बागायतदार वळले. "बाई, तुमचा काही घोटाळा झालाय. त्या दगडाला आमचा गूळ हाय."

"गूळ असेल. आम्ही गुळाला नाही म्हणत नाही. दगडाला म्हणतो."

"गूळ आमचा आन् दगड तुमचा?"

"लाकडी सांगाड्याशिवाय दगड बसतो का? सांगा बरं."

"सांगाडा खाली असतोय बाई, दगड वर," फोरमन मध्येच म्हणाला. "आणि वरती लोखंडाची कांब आहे. ती दिसत नाही, कारण आमचं काम दिसत नसतं."

"मग हाय कशावरून?"

"दिसत नाही म्हणजे चांगलं केलंय."

भिंतीकडचा एक म्हातारा पुढे आला. "तुमी सगळे बशिवनारे. पर आनला कोनी त्यो? डोंगरातून हितवर काय आपल्या पायानं आला का?"

यापुढचे संभाषण मी क्रमाने देऊ शकत नाही, कारण ते क्रमाने झाले नाही. आवाज चढू लागले तसे इंजिनिअरनी माझ्याकडे पाहिले. मी सर्वांना तारेच्या खिडकीसमोर विटांच्या छताखाली उभे राहायला सांगितले. तिथे गेल्यावर मंडळी इतक्या हळू आवाजात भांडू लागली, की इंजिनिअरना लिहून घेता येईना. मास्तर या सगळ्या वेळात पार्सलांच्या खोलीत होते. दार अर्धवट उघडे होते आणि त्यातून फक्त सुतळी ओढल्याचा आवाज येत होता. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी बांधण्यासारखे एकही पार्सल आत नव्हते.

शेवटी इंजिनिअरनी पेन खाली ठेवले. त्यांना मुद्दा सापडला होता, आणि तो अचूक होता.

"एक सांगा. हे सगळं तुम्हाला सांगितलं कोणी?"

पार्सलांच्या खोलीतला आवाज थांबला. मीही हातातले काम थांबवले. इतक्या सगळ्या माणसांपैकी कोणा एकाने दाराकडे बोट दाखवले असते, तर वाद संपला असता, हरकती संपल्या असत्या, आणि इमारतही.

"सांगायला कशाला पायजे?" बागायतदार आश्चर्याने म्हणाले. "आमच्या घरात पहिल्यापासून माहिती हाय. आमची आज्जी जात्यावर बसली का सांगायची. नगरच्या पोस्टाला गूळ गेल्ता म्हनून."

"आमच्याकडे आजोबांचा रंधा आहे अजून," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्याच सागवानावर चाललेला. लहानपणी आम्ही त्याला हात लावला की वडील रागवायचे."

फोरमनच्या घरीही ठाऊक होते. भिंतीकडच्या म्हाताऱ्याला तर त्या डोंगराची नेमकी जागा दाखवता येत होती.

मी त्यांचे चेहरे निरखून पाहिले. कोणीही खोटे बोलत नव्हते. फार तर नऊ महिन्यांपूर्वी याच कचेरीत ऐकलेली गोष्ट त्यांच्या घरात मागे मागे सरकत गेली होती, आजीपर्यंत पोहोचली होती, आणि तिथून खाली उतरून पुन्हा त्यांच्याकडे आली होती. कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा झाल्याचे मी पदार्थविज्ञानात कधी पाहिले नव्हते.

इंजिनिअर माझ्याकडे वळले. "तुम्ही सायन्सच्या पदवीधर आहात. इथं रोज बसता. यातला कोणता दावा खोटा आहे?"

मी विचार केला, आणि शिकले होते त्याप्रमाणे फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले.

"यातला एकही दावा खोटा असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही."

"आणि खरा असल्याचा?"

"तोही नाही."

"मग मी लिहू काय?"

"वाद आहे, एवढं लिहिता येईल."

त्यांनी तेच लिहिले. वाद आहे म्हटल्यावर सरकारी कागदाची चाल कशी मंदावते, हे तेव्हा मला नव्यानेच कळले. वादातली वस्तू पाडता येत नाही. तिची डागडुजीही करता येत नाही, हे मागाहून लक्षात आले, कारण मास्तरांच्या टेबलावरच्या छपराचे कौल फुटलेले होते आणि ते बदलण्याचा अर्ज 'वाद मिटेपर्यंत' परत आला. वळवाची सर आली की ते टेबलासह हातभर सरकून बसत.

"गळू दे," ते म्हणत. "ती उभी आहे ना? मग मी सरकतो."

एप्रिलअखेर फाइल परत आली. तिच्यावर एकच शेरा होता: सदर वास्तूच्या उभारणीविषयी असलेली माहिती पोस्टमास्तरांनी लेखी कळवावी, म्हणजे दाव्यांचा निकाल लावून पुढील कारवाई करता येईल.

पुढील कारवाई म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही समजत होते. मास्तरांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि लिहायला बसले. दोन दिवस त्यांनी लिहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यात गुळाच्या गाड्या होत्या, मिशनचे सुतार होते, कांब होती, डोंगर होता. गोरा इंजिनिअर शेवटी रडतही होता. लिहिले होते सुरेख.

"साहेब, हे पाठवलं तर इमारत पडेल," मी म्हणाले.

"का?"

"दगड एक आहे. तुम्ही कोणाचंही नाव लिहिलंत, तर त्याचा दावा खरा ठरतो आणि बाकीचे पडतात. वाद मिटतो. सगळ्यांची लिहिलीत, तर तुम्ही रचलंय हे उघड होतं. तरीही वाद मिटतो. वाद टिकला तरच इमारत टिकेल."

"मग लिहायचं काय?"

"जे खरं आहे ते. माहिती उपलब्ध नाही."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना काही अशिष्ट लिहायला सांगितले असावे.

"उपलब्ध नाही? मी इतकी वर्षं इथं आहे, आणि माझ्याकडे उपलब्ध नाही?"

"आहे का?"

 वरून कबुतर फडफडत गेले, तिकडेही त्यांचे लक्ष नव्हते.

"आलो तेव्हा शोधलं होतं मी," ते म्हणाले. "जुने कागद पाहिले. मागच्या भिंतीत एक कोरीव दगड आहे, तो घासून वाचायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. एवढी मोठी वास्तू, आणि कोणी बांधली हे सांगणारं एक माणूस नाही. मग मला... बरं दिसेना ते."

म्हणजे थुंकीचे कारण नंतरचे होते. पहिले हे होते. मी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. 

"बाई, एखादी ओळ तरी वाढवू का? 'तथापि परिसरात अशी आख्यायिका आहे की', एवढंच."

"नको, साहेब."

"'बहुधा' घातलं तर?"

"'बहुधा'नेही वाद मिटेल."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. आतल्या बाजूने नव्हे, बाहेरून, रांगेतून. त्यांच्या पुढे दोन माणसे होती आणि त्यांनी कोणाचेही गाव विचारले नाही. पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवले होते, चारी कडा दाबून. मी वजन केले, तिकिटे लावली, शिक्का मारला. आत एका ओळीचा कागद होता. पाकिटापेक्षा तिकिटांचेच वजन जास्त भरले असते.

पावती फाडून दिली तरी ते हलेनात.

"त्यांना खरंच वाटेल हो," ते म्हणाले, "की मला काही ठाऊक नव्हतं."

"पण वाद मिटणार नाही, साहेब. कमान राहील."

"राहील, ते बरंच झालं." त्यांनी पावतीची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि आवाज उतरवला, कारण आम्ही दोघेही भिंतीपासून फार लांब नव्हतो. "पण हे असं तिच्यासमोर लिहायला नको होतं. मी घरून लिहून आणायला हवं होतं."